शेवटचे ३४ भाग

'सेलर मून', म्हणजे रूप बदलून लढणाऱ्या शाळकरी मुलींची जपानी मालिका, तिचा विषय निघाला की ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) बघणाऱ्यांत एक सल्ला हमखास फुकट मिळतो. "चार सीझन बघ, पाचव्याच्या वाटेला जाऊ नकोस, नुसती खोगीरभरती आहे." हा सल्ला देणाऱ्या निम्म्या लोकांनी तो सीझन पाहिलेलाच नसतो. खोटं वाटत असेल तर त्यातली खलनायिका गॅलॅक्सिया आपल्याच हस्तकांच्या बांगड्या का काढून घेते, एवढं त्यांना विचारून बघा.

तसा त्यांचाही फार दोष नाही. या सीझनचं इंग्रजी डबिंग वीस वर्षांहून जास्त काळ नव्हतंच, आणि कोल्ह्याला द्राक्षं आंबट. पण आता तो ब्लू-रेवर आहे, पूर्ण आहे, आणि माझं मत विचाराल तर अख्ख्या मालिकेत मोठ्या माणसाने बघावा असा हाच सीझन आहे. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा. पुढे शेवटही फोडलेला आहे. १९९७ साली संपलेल्या मालिकेला आता स्पॉयलरचं सोवळं कशाला?

तर 'सेलर स्टार्स'. नाओको ताकेउचींच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) तोएई स्टुडिओने काढलेली ही मालिका टीव्ही असाहीवर मार्च १९९२ पासून शनिवारी संध्याकाळी सातला लागायची. पहिली मालिका, मग 'आर', 'एस', 'सुपर एस' आणि शेवटी 'स्टार्स'. भाग १६७ ते २००. शेवटचा भाग ८ फेब्रुवारी १९९७ ला दाखवला. 'आर'पासून 'सुपर एस'पर्यंत सूत्रं सांभाळणारा कुनिहिको इकुहारा तोवर बाहेर पडला होता, आणि दिग्दर्शन ताकुया इगाराशीकडे आलं. सुरुवातीचं गाणं १६६ भाग तेच होतं, तेसुद्धा इथे पहिल्यांदा बदललं. नवं गाणं लागलं की घरात कुणीतरी फर्निचर हलवून ठेवलंय असं वाटतं, आणि ते मला आवडतं.

इंग्रजीत काय झालं? १९९५ पासून डिक कंपनीने पहिल्या दोन मालिका डब केल्या त्या कात्री हातात घेऊनच. नायिका उसागीची सेरीना झाली. झोइसाइट नावाचा पुरुष खलनायक बाई झाला. पहिल्या मालिकेच्या शेवटी मैत्रिणी एकेक करून मरतात. ते दोन भाग कापून-जोडून एकच भाग केला आणि पोरी नुसत्या कैदेत आहेत असं सांगितलं. २००० साली 'एस' आणि 'सुपर एस' दुसऱ्या मंडळींनी डब केले. त्यात हारुका आणि मिचिरू, म्हणजे जपानीत उघडउघड एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोघी, चुलत-मावस बहिणी झाल्या. बहिणी म्हणून दाखवल्या तरी नजरा त्याच राहिल्या, त्यामुळे प्रकार मूळच्यापेक्षा जास्तच चमत्कारिक दिसायचा!

आणि मग 'स्टार्स'पाशी गाडी थांबली. कारण काय असावं याचा अंदाज अवघड नाही. या सीझनमध्ये उसागीच्या शाळेत तीन पोरं येतात: सेइया, तैकी, यातेन. 'थ्री लाइट्स' नावाचा त्यांचा बँड आहे, पोरी त्यांच्यावर फिदा. ही तिघं रूप बदलतात तेव्हा बायका होतात, सेलर स्टारलाइट्स. कपडे बदलून नव्हे, अंगानेच. मांगात त्या मुळातच बायका आहेत आणि पुरुषांच्या वेषात वावरतात. ॲनिमेवाल्यांनी पुढचं पाऊल टाकलं. इटलीत हे दाखवायची वेळ आली तेव्हा तिथल्या डबिंगवाल्यांनी तोड काढली की पोरं आपल्या जुळ्या बहिणींना बोलावतात. तीन पोरं, तीन जुळ्या बहिणी, आणि पडद्यावर तर एकच माणूस डोळ्यांदेखत बदलतोय. इतकी मेहनत लपवायला!

२००३-०४ साली एडीव्ही कंपनीने पहिल्या दोन मालिकांचे न कापलेले, सबटायटलवाले डीव्हीडी संच काढले, पण 'आर'च्या संचातून ६७ वा भागच गायब. 'स्टार्स' तर नाहीच. म्हणजे ज्याला शेवट बघायचा त्याने फॅनसब, म्हणजे चाहत्यांनीच सबटायटल टाकलेल्या प्रती, गाठायचे. मीही पुण्यात होस्टेलवर असताना कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून तसाच पाहिला होता. सबटायटल्स इतकी दिव्य होती की गॅलॅक्सियाचा हेतू काय आहे हे मला चेहऱ्यांवरूनच ओळखावं लागलं.

२०१४ मध्ये व्हिज मीडिया या कंपनीने अख्ख्या २०० भागांचे हक्क घेतले आणि नवं डबिंग केलं. एकेक मालिका करत 'स्टार्स'ची पाळी आली २०१९ मध्ये, दोन संचांत. म्हणजे जपानात संपल्यावर २२ वर्षांनी.

आता डिस्कबद्दल खरं ते सांगते. चित्र बरं नाही. हे खरं हाय डेफिनिशन नव्हे, जुन्या मास्टर प्रतीवरून ताणून मोठं केलेलं चित्र आहे. रेषा कुठे कुठे विरघळल्यासारख्या, हलत्या चित्रात आधीच्या फ्रेमची सावली रेंगाळलेली. २०१४ च्या पहिल्याच संचापासून यावर लोकांनी ओरडा केलाय, आणि तो रास्त आहे. हाताने रंगवलेल्या त्या जलरंगी पार्श्वभूमी, संध्याकाळचं गुलाबी-जांभळं टोकियो, यापेक्षा चांगल्या वागणुकीच्या लायक होतं.

शिवाय आपल्याकडे रीजनची कटकट, म्हणजे एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेयरमध्ये चालत नाही. ब्लू-रेच्या हिशोबात अमेरिका आणि जपान दोन्ही 'ए'मध्ये, भारत 'सी'मध्ये. डीव्हीडीत अमेरिका १, आपण ५. अमेरिकेहून येणाऱ्या भावंडाच्या बॅगेतून संच आणवाल हौसेने आणि आपल्या प्लेयरमध्ये तो ढिम्म हलणार नाही. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हचं रीजन बदलता येतं, पण साधारण पाचदाच, मग ते कायमचं तिथेच अडकतं. म्हणून मल्टी-रीजन प्लेयर घ्या, आणि घेण्याआधी तो ब्लू-रेसाठीही मल्टी-रीजन आहे ना हे दुकानदाराला दोनदा विचारा. नुसत्या डीव्हीडीपुरता असलेलाही त्याच नावाने गळ्यात मारतात.

एवढं करून बघण्यासारखं आहे काय?

पहिले सहा भाग खरं तर 'सुपर एस'चं शेपूट. आरशातली राणी नेहेलेनिया परत येते आणि उसागीचा प्रियकर मामोरू याला पळवते. कथानक ओळखीचं, पण 'सुपर एस'मधून हद्दपार झालेल्या हारुका, मिचिरू आणि त्यांची साथीदार सेत्सुना इथे परततात, आणि त्यांच्या घरात वाढणारी तान्ही होतारू बघता बघता मोठी होऊन सेलर सॅटर्न म्हणून उभी राहते. या सहा भागांत जो अंधार आहे तो 'सुपर एस'च्या ३९ भागांत मिळून नाही. शेवटी नेहेलेनियाला मारत नाहीत. तिला तिचं बालपण परत मिळतं. मला हे सहा भाग संपूर्ण मालिकेतले सर्वांत घट्ट विणलेले वाटतात.

मग मामोरू शिकायला अमेरिकेला जायला निघतो. विमानतळावर अंगठी देतो. आणि संपलं, त्यानंतर त्याचं पत्र नाही, फोन नाही. उसागी पत्रं लिहीत राहते. मैत्रिणींसमोर हसते, "कामात असेल गं" म्हणते. खरं काय झालंय ते प्रेक्षकाला फार उशिरा कळतं: तो पोचलाच नाही, वाटेतच गॅलॅक्सियाने त्याला संपवलं. २०० भागांच्या या मालिकेत नायिका रडकी म्हणून प्रसिद्ध. परीक्षेत नापास झाली, रडली. भूक लागली, रडली. आणि इथे, खरंखुरं रडण्यासारखं असताना, ती भागामागून भाग रडत नाही. शाळेच्या गच्चीवर पाऊस पडतो तेव्हा बांध फुटतो, आणि समोर असतो सेइया. तो विचारतो, मी नाही का चालणार?

त्या प्रसंगात तो पोरगा आहे की पोरगी, हा प्रश्नच मनात येत नाही. जे बघून टीव्हीवाल्यांनी अख्खा सीझन बाजूला ठेवला असावा, तेच या सीझनचं काळीज आहे. सेइया काढा, खाली फक्त चकमकी उरतात. सेइयाचा जपानी आवाज शिहो नीयामाचा. बँडची गाणीही त्या तिघी अभिनेत्रींनीच म्हटली आहेत. शिहो २००० साली ल्युकेमियाने गेली, वयाची तिशीसुद्धा झाली नव्हती. तो आवाज ना पुरुषी करण्याचा आटापिटा करतो ना बायकी राहण्याचा. नव्या इंग्रजीत मेलिसा हचिसनने चांगलं काम केलंय, तरी पहिल्यांदा बघताना जपानीच लावा.

मधले भाग रटाळ आहेत, हे कबूलच. गॅलॅक्सियाची हस्तक कुणा गुणी माणसाचं स्टार सीड (त्याच्या आतलं तेजाचं बीज) काढणार, तो माणूस राक्षस होणार, सगळ्या मिळून त्याला ताळ्यावर आणणार. दर शनिवारी एकदा बघायचं असेल तर ठीक. आरतीसुद्धा रोज एकदा म्हणायची असते, एका बैठकीत चारदा म्हणायला गेलो तर टाळ कोण धरणार? डिस्कवर सलग बघू नका. फक्त सायरन आणि क्रो या दोन हस्तकांचे भाग सोडू नका. एक सतत खात असते, दुसरी तिच्यावर वैतागत असते, आणि पहिली गेल्यावर दुसरीचं जे होतं ते खलनायिकांच्या बाबतीत सहसा कुणी दाखवत नाही. उसागीच्या घरी येऊन राहणारी चिमुकली चिबी चिबी मात्र मला शेवटपर्यंत सहन झाली नाही. तिचं रहस्य कळल्यावरही नाही.

शेवटचे भाग मात्र… चौघी मैत्रिणी उसागीला पाठीशी घालताना जातात. हारुका-मिचिरू गॅलॅक्सियाला जाऊन मिळतात, आपल्याच सेत्सुना आणि होतारूला मारतात, सगळं एका डावासाठी, आणि डाव फसतो. मरताना एकमेकींपर्यंत हात पोचवण्याची त्यांची धडपड बघा आणि मग सांगा, बहिणी होत्या म्हणून. २०० व्या भागात उसागी हातातल्या तलवारीने शत्रूला संपवत नाही. गॅलॅक्सियाकडे फक्त हात पुढे करते. टीव्हीवरची मोठी लढाई, खेळणी विकणारे प्रायोजक, नवी जादूची काठी, सगळं असून शेवट न मारण्याचा. आणि मग ते जुनं गाणं परत लागतं.

२०२३ मध्ये याच कथाभागावर 'कॉसमॉस' हे दोन चित्रपट आले, नंतर नेटफ्लिक्सवरही. ते मांगाला धरून आहेत, चित्र लखलखीत आहे. पण तिथे सगळं इतक्या घाईत उरकलंय की उसागीला वाट बघायलाच वेळ मिळत नाही, आणि त्या न आलेल्या पत्रांशिवाय गच्चीवरच्या पावसाला काय अर्थ?

वेळच नसेल तर १६७ ते १७२ बघा, सायरन-क्रोचे भाग बघा, आणि मग १९३ पासून शेवटपर्यंत एकदम. मामोरू परत येतो तेव्हा आनंद होण्याऐवजी सेइयासाठी जीव तुटला, तर तुम्ही माझ्या पार्टीत. मामोरूवाल्यांशी मी खाली कॉमेंटमध्ये भांडायला तयार आहे.