महारोग खानदानी? मग अमेरिकेतल्या पतवंडांना का झाला नाही?

सोयरिकीच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. सार असं: महारोग खानदानी असतो, आता तर त्याची जनुकंही सापडलीत, म्हणून ज्या घरात रोगी होता तिथे मुलगी देऊ नये.

खानदानी? एकोणिसाव्या शतकात नॉर्वेचा डॅनियलसन हा नावाजलेला डॉक्टरही हेच म्हणे, कारण रोग त्याच त्या घरांत दिसायचा. त्याचाच जावई हान्सेन. त्याने 1873 साली कुष्ठरोगाचा जंतू शोधला, तरी सासऱ्याच्या मताचे लोक ऐकेनात. मग 1888 मध्ये हान्सेन थेट अमेरिकेला गेला. मिनेसोटा, विस्कॉन्सिन भागात जाऊन राहिलेल्या नॉर्वेजियन रोग्यांची कुटुंबं त्याने हुडकली. तिथे राहिलेल्या त्यांच्या वंशजांत, पार पतवंडांपर्यंत, एकालाही रोग नव्हता. रक्त तेच, फक्त राहणी बदललेली.

जनुकांचं मात्र अर्धं खरं आहे. चक्रवर्ती आणि फोगेल यांनी 1973 मध्ये भारतातल्या जुळ्यांचा अभ्यास मांडला. हुबेहूब जुळ्यांच्या सुमारे 60 टक्के जोड्यांत दोघांनाही रोग होता, साध्या जुळ्यांत 20 टक्के. म्हणजे अनुवंशाचा हात आहेच. पण उरलेल्या 40 टक्क्यांचं काय? जनुकं सारखी, तरी एकाला रोग आणि दुसऱ्याला नाही! 2009 मध्ये चिनी रुग्णांत एनओडी-2 वगैरे जी जनुकं पुढे आली, ती मुख्यतः जंतू ओळखून त्याच्याशी लढण्याच्या कामातली. त्यांच्यामुळे प्रतिकार कमी-जास्त होतो; जंतूच नसेल तर रोग नाही. आणि असे कच्चे दुवे ज्या घरात कधीच रोगी नव्हता तिथेही असतात. मुलीच्या माहेरीसुद्धा.

राहिली सोयरीक. बहुविध औषधोपचार 6 किंवा 12 महिन्यांचा, सरकारी दवाखान्यात फुकट, आणि तो सुरू झाला की संसर्गाची भीती लवकरच सरते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून 2019 सालीच गेलं.

रोगी निघाला की आरोग्य कर्मचारी कोणाला तपासतात ते बघा. घरातली माणसं, शेजारीपाजारी. आणि रोग नसेल त्यांना तो होऊ नये म्हणून रिफाम्पिसिन या औषधाचा एक डोस. त्यात परक्या घरून आलेली सून असते. वर्षानुवर्षं दूर गावी राहणारा सख्खा भाऊ नसतो.