अल्बमची तारीख पाठ, धरणाची कोणालाच नाही

आमच्या घरी सध्या दोन पार्ट्या पडल्यात आणि मी इकडे स्टुटगार्टमध्ये बसून दोन्हीकडचे फोन घेतोय. एका बाजूला माझा भाचा आणि त्याचे दोस्त, बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यातले पोट्टे, दिवसभर कपाशीत फवारणी करतात आणि रात्री टूल नावाच्या अमेरिकन बँडचा पुढचा अल्बम कधी येणार यावर बारा-एक वाजेपर्यंत भांडत बसतात. दुसऱ्या बाजूला माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. त्याचं कृषी केंद्र आहे आणि ही पोरं संध्याकाळी त्याच्याच दुकानाच्या ओट्यावर जमतात, म्हणून त्याला हे सगळं ऐकावंच लागतं. परवा त्याचं डोकं फिरलं. "अमेरिकेतल्या झिपऱ्यायची तारीख विचारून रायले, जिगावच्या धरणाची विचारा ना लेकहो!" झालं, भाच्याचा मला फोन, मामा, आता तुमीच सांगा यायले.

आता मी काय सांगणार, मला दोघंही अर्धे-अर्धे पटतात.

ज्यांना टूल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. लॉस एंजेलिसचा बँड, १९९० पासूनचा, चार माणसं. २००६ ला त्यांचा 'टेन थाउजंड डेज' आला तेव्हा मी शेगावला हॉस्टेलवर होतो, विंगमधल्या एका कॉम्प्युटरवरून तो सगळ्यांच्या पेनड्राइव्हमध्ये पसरला, विकत कोणी घेतला नव्हता हे वेगळं सांगायला नको. त्याच्या पुढचा 'फिअर इनॉक्युलम' आला ३० ऑगस्ट २०१९ ला. तेरा वर्षं! मधल्या काळात आमच्यातल्या काहींची लग्नं झाली, पोरं शाळेत गेली, आणि टूलच्या नावावर नुसत्या बातम्या. कधी विमा कंपनीसोबत कोर्टकचेरी, ती २०१५ पर्यंत चालली. कधी गायक मेनार्ड कीनन ॲरिझोनात द्राक्षं लावून वाईन करत बसलाय म्हणून लोकांच्या शिव्या. खरं म्हणजे त्यांची कामाची पद्धतच तशी आहे, बाकीचे तिघं आधी संगीत बांधतात, खोदतात, मोडतात, परत बांधतात, आणि ते पक्कं झाल्यावर हा बाबा शब्द लिहायला घेतो. म्हणजे वाईन नसती केली तरी तो बिचारा बसूनच राहिला असता, हे फॅन लोकांना सांगून उपयोग नाही.

२०१९ ला तर मजाच झाली. ड्रमर डॅनी केरी बोलून गेला की एप्रिलच्या मध्याला येईल. मग कीननने सांगितलं की अजून मिक्सिंग चालू आहे, मे ते जुलैच्या मध्ये तारीख दिसेल बहुतेक. शेवटी मे महिन्यात एका कॉन्सर्टला स्टेजच्या पडद्यावर नुसतं "३० ऑगस्ट" झळकलं आणि ती एकच तारीख खरी निघाली. आता त्यालाही इतकी वर्षं झाली आणि पुढच्या अल्बमचं गुऱ्हाळ चालू आहे. कोणाच्या स्टुडिओतल्या फोटोत ड्रमसेट दिसला, कोणी म्हणतं बँडच्या ऑनलाइन दुकानाच्या पेजवर जागा रिकामी ठेवलीये, भाच्याच्या एका दोस्ताने तर फिबोनाचीच्या आकड्यांवरून (मागच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा) महिना काढला. तेही अगदीच हवेतलं नाही, २००१ च्या 'लॅटरॅलस' गाण्यात शब्दांची अक्षरं एक, एक, दोन, तीन, पाच, आठ अशी खरंच बसवलेली आहेत, तेव्हा या बँडचे फॅन आकडेमोड करत बसले तर दोष कोणाला देणार.

आणि हे आपल्याकडच्यांना नवीन वाटायचं काही कारणच नाही. भेंडवळ आमच्याच तालुक्यात. अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती अठरा प्रकारची धान्यं, पानविडा म्हणजे राजा, करंजी म्हणजे देशाची तिजोरी, रात्रभर तिकडे कोणी फिरकायचं नाही आणि पहाटे कोणता दाणा कुठे सरकला ते बघून पाऊस किती, कापूस कसा, भाव काय हे सांगायचं. पेपरवाले छापतात, अंनिसवाले म्हणतात याला शास्त्रीय आधार नाही, तेही बरोबरच आहे, आणि दादाच्याच दुकानात बियाणं घ्यायला आलेले लोक त्यावर पेरणीपर्यंत वाद घालतात. स्टुडिओतल्या फोटोवरून अल्बम सांगणं आणि करंजीवरून बजेट सांगणं, यात मला तरी फरक दिसत नाही. दादाला तसं म्हटलं तर तो चिडला, पण हसलाही.

म्हणजे अंदाज बांधण्यात वाईट काही नाही. उलट मला इकडे तेच मिळत नाही. आमच्या डिपार्टमेंटमध्ये मेटल म्युझिकचा एक पक्का वेडा आहे, टूलला दोनतीनदा लाइव्ह बघितलंय त्याने, त्याला विचारलं नवा अल्बम कधी रे येईल तर खांदे उडवून म्हणतो, झाला की येईल. संपला विषय! एवढं बोलून माणूस कॉफी घेऊन निघून जातो. अरे, रात्रभर भांडू ना जरा. कॉन्सर्ट इथून तासाभराच्या ट्रेनवर आहेत, तिकीट काढलं की झालं, ओट्यावरच्या पोरांना हे कधी मिळेल माहीत नाही, पण ओट्यावरची ती रात्रीची बडबड मला पैसे देऊनही मिळत नाही.

पण एक गोष्ट खटकते. पोरं हल्ली नुसता अंदाज करत नाहीत, चिडतात. फसवलं आमाले, माजले हे, पैसा झाला आता कायले काम करतीन, असं. आता यांच्याकडून एक रुपया कोणी घेतलेला नाही, तारीख कोणी लिहून दिलेली नाही, मग फसवलं कसं? कलाकार लोकांचं काम उशिरा होतं आणि कधी कधी चांगलंही होतं. द क्युअर या इंग्लिश बँडच्या रॉबर्ट स्मिथने २०१९ ला अल्बम येणार म्हणून सांगितलं होतं, आला नोव्हेंबर २०२४ मध्ये, आधीच्या अल्बमनंतर १६ वर्षांनी, आणि काय अल्बम आहे तो! बॉस्टन बँडने १९७८ नंतर थेट १९८६ ला अल्बम दिला, मध्ये रेकॉर्ड कंपनी उशीर केला म्हणून कोर्टात गेली, तरी शेवटी बँडचा मुख्य माणूस टॉम शोल्झच जिंकला. जिच्याकडे सहीशिक्क्याचा करार होता त्या कंपनीची ही गत, तर ओट्यावरच्या आपल्या पोरांचं कोण ऐकणार?

उलटंही होतं, हे मान्य. गन्स अँड रोझेसच्या 'चायनीज डेमोक्रसी'ची लोकांनी नव्वदच्या दशकापासून वाट बघितली, इतकी की २००८ ला डॉक्टर पेपर या कोल्ड्रिंक कंपनीने जाहीर करून टाकलं की यावर्षी अल्बम आला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक कॅन फुकट, फक्त बँड सोडून गेलेल्या स्लॅश आणि बकेटहेड या गिटारवाल्यांना नाही. कंपनीला वाटलं असेल कुठला येतोय. आला ना! नोव्हेंबरमध्ये आला, कूपनसाठी कंपनीने एकच दिवस ठेवला, त्यांची साइट बसली आणि मग बँडचे वकील कंपनीच्या मागे लागले. अल्बम ऐकून मात्र बहुतेकांचं मत पडलं की एवढ्यासाठी थांबलो होतो का. कोल्ड्रिंकचीच चर्चा जास्त झाली.

तर दादाचं पहिलं म्हणणं मला इथपर्यंत पटतं की चिडायचं असेल तर जिथे आपलं देणं लागतं तिथे चिडा. जिगाव प्रकल्प पूर्णा नदीवर, आमच्या शेजारच्या नांदुरा तालुक्यात. नव्वदच्या दशकात मंजूर झाला तेव्हा शेकड्यातल्या कोटींचा होता, आता हजारो कोटींचा आहे आणि अजून पूर्ण नाही. तीसहून जास्त गावं त्यात पूर्ण उठतात, त्या लोकांची घरं, मोबदला, पुनर्वसन हे वेगळंच रडगाणं. आणि हा सगळा खारपाणपट्टा आहे, विहीर खोदली तर पाणी खारं, ते पिकाला चालत नाही आणि माणसांनाही नाही, तेव्हा धरणाचं पाणी ही काही चैन नाही. तिकडे पूर्व विदर्भात गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ ला राजीव गांधींच्या हातून झालं, ३७२ कोटींचा अंदाज होता, तो १८ हजार कोटींच्या वर गेला. टूलचे सगळे उशीर एकत्र बांधले तरी याच्या पासंगाला पुरत नाहीत.

इथे लोकांना वाटतं, म्हणजे आपल्याकडच्या लोकांना, की जर्मनीत सगळं घड्याळावर चालतं. काहीच्या काही! बर्लिनचं नवीन विमानतळ जून २०१२ ला उघडणार होतं, आमंत्रणं गेलेली, सामान हलवायची तयारी झालेली, आणि चार आठवडे आधी कळलं की आगीच्या वेळी धूर बाहेर काढायची यंत्रणाच नीट नाही. उघडलं ऑक्टोबर २०२० मध्ये. लांब पल्ल्याच्या गाड्या २०२४ मध्ये ६२.५ टक्केच वेळेवर आल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर हे लोक उशीर धरतच नाहीत, तरीही. माझ्या घरापासून जवळ स्टुटगार्टचं मुख्य स्टेशन जमिनीखाली नेताहेत, २०१० ला काम सुरू, २०१९ ला गाड्या धावणार होत्या, साडेचार अब्ज युरोचा हिशोब अकराच्या वर गेला आणि मी अजूनही त्या खोदकामाला वळसा घालूनच ट्रेन पकडतो.

फरक उशिरात नाहीच, नंतर काय होतं त्यात आहे. गाडी तासभर लेट झाली की तिकिटाचा २५ टक्के पैसा परत, दोन तासांवर गेली तर अर्धा, फॉर्म भरला की येतो. आणि स्टेशनच्या विरोधात २००९ पासून दर सोमवारी लोक जमतात. दर सोमवारी, अजूनही! पांढऱ्या केसांच्या आज्या असतात, हातात बोर्ड, शिट्ट्या. त्यांनी काम थांबवलं का, नाही. २०११ ला सार्वमत झालं त्यातही त्या हरल्या. पण त्यातल्या कोणालाही विचारा, कोणत्या मंत्र्याने कोणत्या वर्षी कोणती तारीख दिली होती, खर्च किती सांगितला होता, तोंडपाठ. मला तर त्यांना बघून पहिल्यांदा टूलचे फॅनच आठवले होते.

आणि इथेच मी दादाच्या विरोधात जातो. तो म्हणतो पोरं रिकामटेकडी. अरे, त्या पोरांकडे एक शीट आहे मोबाइलमध्ये, त्यात कोणी कधी काय बोललं, कुठे बोललं, किती खोटं निघालं, सगळं तारखेनिशी आहे. केरीचा एप्रिल, कीननचा जुलै, सगळं. एखादी मुलाखत आली की अर्ध्या तासात कोणीतरी इंग्रजी समजून घेऊन नोंद करतो, आणि जुन्या बोलण्याशी जुळत नसेल तर लाल रंग. ही अक्कल गावात दुसरीकडे कुठे वापरलेली मी तरी बघितली नाही. कर्जमाफी घ्या, २०१७ ची असो की २०१९ ची, माझं नाव यादीत कधी येईल यावर चौकाचौकात अंदाज, पुढच्या सोमवारी पैसे पडतात म्हणे, पीकविमा दिवाळीच्या आधी येते म्हणे. म्हणे कोण? कोणालाच माहीत नाही. जिगावची घळभरणी, म्हणजे धरणाच्या भिंतीतली नदीची शेवटची फट बुजवणं, यावर्षी, पाणी पुढच्या वर्षी, हे मी लहानपणापासून ऐकतोय आणि कोणत्या वर्षी कोण बोललं होतं हे आमच्या घरात एकालाही सांगता येत नाही, दादालाही नाही. त्याला विचारलं मी. थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "लय जण बोलले बाप्पा." हेच तर!

मी हे प्रकल्पग्रस्तांबद्दल बोलत नाहीये. ते लोक उपोषणं करतात, पाण्यात उतरतात, त्यांना प्रत्येक तारीख माहीत असणार. मी आमच्यासारख्यांबद्दल बोलतोय, ज्यांना पाणी पाहिजे पण ज्यांचं घर बुडत नाही. आणि मी स्वतः तर तिथे राहतही नाही, म्हणून मला शहाणपणा सुचतो, हे दादाने मला ऐकवून झालेलं आहे, पुन्हा ऐकवायची गरज नाही.

तर मी भाच्याला म्हटलं, शीटमध्ये टूलच्या बाजूला अजून एक कॉलम टाक. वर लिही जिगाव. त्याने रविवारी जुन्या पेपरातून, मोबाइलवरून शोधाशोध केली, तीन-चार बातम्या मिळाल्या, त्यातल्या दोन एकमेकींशी जुळत नव्हत्या. मग तो दुकानात गेला आणि दादाला विचारलं की पक्की तारीख कुठे भेटते. दादा म्हणाला माहिती अधिकारात अर्ज टाक, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तो मी देतो, पण अर्ज मराठीत लिहा आणि मधात कुठे ते फिबोनाची घुसवू नका.

"किती दिवसात उत्तर येते काका?"

"तीस दिवसात द्याच लागते."

"च्यायला," पोट्टा म्हणे, "येवढी पक्की तारीख तं टूलनंबी कधी देल्ली नाई."