पुस्तिकेत विहीर आहे, पण शोधली तर सापडत नाही

आज सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांबलं तर लांबलं.

गावाहून चुलतभावाचा, म्हणजे आमच्या दादाचा, फोन आला. त्याला विहिरीच्या अनुदानासाठी अर्ज करायचाय. शेजारच्या विहिरीपासून किती अंतर लागतं आणि सातबारा सामाईक असेल तर काय करायचं, एवढंच बघून सांग म्हणाला. सोपं काम. संबंधित कार्यालयाच्या संकेतस्थळावरून माहितीपुस्तिका उतरवून घेतली. चांगली जाडजूड पीडीएफ, याच वर्षीची. कंट्रोल-एफ दाबून 'विहीर' टाकलं. शून्य. 'अनुदान' टाकलं. शून्य. 'अंतर', 'अर्ज', सगळं शून्य. पानावर डोळ्यांसमोर ठळक अक्षरांत 'विहीर' लिहिलंय आणि संगणक सांगतोय की असा शब्दच इथे नाही. एक परिच्छेद कॉपी करून दादाला व्हॉट्सॲपवर पाठवावा म्हटलं, तर चिकटवल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम. शेवटी पान न् पान वाचलं, हव्या त्या ओळी सापडल्यावर त्यांचा फोटो काढून पाठवला. मला निदान तेवढा वेळ होता. दादा हे फोनच्या पाच-सहा इंची पडद्यावर कसं करणार होता?

माझ्या यादीतल्या बहुतेकांना हे माहीत असेल, तरी ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगतो. नव्वदच्या दशकात साध्या संगणकाला देवनागरी कळत नव्हती. म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती काढली. इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांचे आकार बसवले. कृतिदेव फॉन्ट निवडा आणि ई, जे, के, कॅपिटल बी, एच या कळा ओळीनं दाबा. पडद्यावर 'मराठी' उमटेल. फाइलमध्ये मात्र साठतात ती इंग्रजी अक्षरंच. 'विहीर' लिहायला एफ, ओ, जी, एच, जे. एफ आधी, कारण पहिली वेलांटी दिसते डावीकडे, म्हणून टाइपही आधी करायची. संगणकाच्या लेखी तिथे विहीर नाहीच, मराठीही नाही. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसते. फॉन्ट गेला की मराठी गेली.

त्या काळात ही युक्ती करणाऱ्यांचे उपकारच आहेत. त्यांच्यामुळे लग्नपत्रिका छापल्या, दिवाळी अंक निघाले, वर्तमानपत्रं चालली. त्यांच्यावर माझा काडीचाही राग नाही.

राग आहे तो आज, अजूनही, तेच करत बसणाऱ्यांवर. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारं मानक. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. तेव्हापासून देवनागरीला जगभरच्या संगणकांत स्वतःची हक्काची जागा आहे, आणि तिची मांडणी आपल्याच देशातल्या १९८८ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या मानकावरून घेतलेली आहे. विंडोज २००० मध्ये मंगल हा युनिकोडचा देवनागरी फॉन्ट आला. केंद्र सरकारनं ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हेच मानक म्हणून २००९ मध्ये ठरवलं. 'ॲप' लिहायला लागणारा आपला 'ॲ' सुद्धा २००८ मध्ये युनिकोडात दाखल झाला. सगळं हाताशी आहे. किती वर्षं वाट बघायची?

मला हे इतकं का लागतं, ते सांगतो.

माझी आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, वाईच्या बाजूला. बदली होईल त्या गावात शाळा सुटल्यावर म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन बसायची आणि जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं. वह्याच्या वह्या भरल्या. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून तिनं एक जुना संगणक घेतला. बाजारपेठेतल्या डीटीपीवाल्यानं त्यात एक फॉन्ट टाकून दिला आणि कळांचा तक्ता झेरॉक्स करून दिला. तो तक्ता पुठ्ठ्यावर चिकटवून ती एका बोटानं टाइप करत बसायची. प्रत्येक ओवीखाली सांगणाऱ्या बाईचं नाव, तिचं सासर, तिचं माहेर. सगळं झाल्यावर सीडी करून घेतल्या. आणि घर रंगवायला काढलं तेव्हा वह्या रद्दीत गेल्या. 'आता संगणकात आहे की सगळं,' म्हणाली.

ती गेल्यावर सीडी माझ्याकडे आल्या. घरात संगणकातलं कळणारा मीच. फाइल उघडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोच प्रकार, जो आज सकाळी त्या पुस्तिकेत दिसला. तोवर तिचा संगणक भंगारात गेला होता, आणि फॉन्ट त्याच्याबरोबर.

शासनाच्या पुस्तिकेचं काय, तिथे फॉन्ट पीडीएफमध्ये गुंफलेला असतो, निदान दिसतं तरी. आत्याच्या फाइलमध्ये तेही नव्हतं.

त्या फॉन्टच्या नावानं शोधत शोधत एका अनोळखी माणसाच्या जुन्या ब्लॉगवर पोचलो. त्यानं स्वतःचा वेळ घालून जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा एक परिवर्तक लिहिला होता आणि फुकट ठेवला होता. इंटरनेटवर मला सापडलेल्या गोष्टींत याच्याइतकी मोलाची दुसरी नाही. नवा फोन आला, नवा लॅपटॉप आला की मी इथे भरभरून लिहितो हे तुम्हाला माहीत आहे, पण त्या रात्री त्या साध्या पानावर 'बदला' असं लिहिलेलं बटण दाबलं आणि खालच्या चौकटीत आत्याची ओवी मराठीत उमटली, तेव्हाचा आनंद कुठल्याच डब्याची सील फोडताना झाला नाही.

अर्थात पूर्ण बरोबर नव्हती. वेलांट्या भलत्या अक्षरांवर, रफार पुढच्या अक्षरावर. जुन्या फॉन्टमध्ये 'सर्व' लिहिताना आधी स, मग व, मग त्याच्या डोक्यावर रफार. युनिकोडमध्ये जसा उच्चार तसाच क्रम: स, अर्धा र, व. म्हणजे प्रत्येक रफार उचलून एक अक्षर मागे न्यायचा. आणि अक्षराला काना-मात्रा असेल तर तीही ओलांडून मागे. पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, मग त्यातल्या चुका काढल्या, मग 'ऱ्या' वर येऊन अडकलो. 'शेतकऱ्याला' मधला तो आडवा र दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो, दिसायला सारखाच दिसतो, पण एका प्रकारानं शोधलं तर दुसरा सापडत नाही. ते सगळं एकसारखं करून घेतलं. मग ओवीमागून ओवी वाचून तपासली. माहेरी न्यायला भाऊ यायची वाट बघणारी बाई. पहिलटकरणीला पाठवलेला निरोप. वाचताना आत्याचा आवाज कानात होता.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या ओव्या 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर आहेत. एक लाखाच्या वर. ओवी देवनागरीत, सोबत गाणारीचं नाव आणि गाव. ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी आज बघाच. तिथे एक शब्द घेऊन शोधलं की ओवी समोर येते. माझ्या आत्याचं काम त्यापुढे कणभर असेल, पण तेही असंच सापडायला हवं, एवढंच म्हणणं आहे.

आता मला कळतंय खाली प्रतिक्रियांत काय येणार आहे. 'ऑपरेटरना जुनीच मांडणी येते, त्यांचा वेग जाईल.' मान्य, वेग ही पोटापाण्याची गोष्ट आहे. पण टाइपरायटरची तीच मांडणी ठेवून युनिकोड उमटवणारे कळफलकही मिळतात, बोटांना काही नवं शिकायला लागत नाही. 'पानं जुळवायच्या पेजमेकरमध्ये युनिकोड चालत नाही.' नाही चालत, खरं आहे. पण त्याच कामाच्या इनडिझाइनमध्ये २०१२ च्या सीएस६ पासून चालतं. 'युनिकोडचे फॉन्ट दिसायला तेच तेच.' हे एकेकाळी खरं होतं. आज 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट आहेत, 'टिरो देवनागरी मराठी' आहे, ज्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' आहे. सगळे फुकट. आणि हो, युनिकोडात लिहूनही काही सॉफ्टवेअर पीडीएफ करताना मजकुराची वाट लावतात, तेही मान्य. मग मूळ फाइलही सोबत ठेवा, किंवा साधं वेबपान करा.

सगळ्यात जास्त चीड येते ती 'वाचता येतंय ना, मग झालं' या उत्तराची. कुणाला वाचता येतंय?

माझा शाळेपासूनचा एक मित्र पूर्ण दृष्टिहीन आहे. बँकेत नोकरी करतो. लॅपटॉपवर एनव्हीडीए हे फुकट सॉफ्टवेअर वापरतो, ते पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचतं. युनिकोडमधली मराठी ते वाचतं. उच्चार यंत्राचा असतो, पण त्याला सवय झालीय, आपल्याला ऐकूनही समजणार नाही इतक्या वेगानं तो ऐकतो. रोज सकाळी असाच तो बातम्या ऐकतो. त्याच्याकडे अशी पुस्तिका गेली की यंत्र काय वाचतं? एफ-ओ-जी-एच-जे. पानामागून पान. मागे एकदा त्यानं मला फोनवरून असं एक परिपत्रक ऐकवलं होतं, दिव्यांगांच्या सवलतींचंच परिपत्रक होतं ते. त्यावर तो काही बोलला नाही. मीच बोलत राहिलो.

ज्यानं ती फाइल तयार केली त्याला कदाचित कुणी सांगितलंच नसेल. समोर आलेलं काम त्यानं संपवलं. त्या ऑपरेटरला मी दोष देत नाही. त्याच्यावर सही करणाऱ्या साहेबाला देतो. निविदेत 'मजकूर युनिकोडमध्ये हवा' अशी एक ओळ टाकायला काय लागतं?

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, मीही पेढे वाटले. मराठी ही आपली मातृभाषा असं २०११ च्या जनगणनेत सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि तिथे मूठभर लोक जीव ओतून लिहितात. आणि दुसरीकडे कितीतरी वर्षांची परिपत्रकं, स्मरणिका, गावांचे इतिहास, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंक असे पडलेत की शोधयंत्राला ते मराठी आहेत हेही कळत नाही. आज जी यंत्रं भाषा शिकतायत ती मजकूर वाचूनच शिकतात. त्यांच्यापर्यंत एफ-ओ-जी-एच-जे पोचलं तर ती काय मराठी बोलणार? मग 'एआयला मराठी नीट येत नाही' म्हणून आपणच तक्रार करणार.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. कामाचं बोलतो.

टाइप करायचा कंटाळा असेल तर फोनवर बोलून लिहा, गूगलच्या व्हॉइस टायपिंगमध्ये मराठी २०१७ पासून आहे. अजूनही मला पुष्कळजण भेटतात ज्यांना हे माहीत नाही. संगणकावर इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कळफलक-मांडणी शिका, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या, आठवडा-दोन आठवड्यांत हात बसतो. छापील पान असेल तर गूगल ड्राइव्हवर फोटो चढवून तो डॉक्समध्ये उघडा, मजकूर बऱ्यापैकी सुटून येतो. ज्यांना लिनक्सची आवड आहे त्यांनी चित्रातला मजकूर ओळखणारं टेसरॅक्ट मराठीसह बसवून बघा, माझ्या जुन्या लॅपटॉपवरही व्यवस्थित चालतं. तपासावं मात्र लागतंच, विशेषतः जोडाक्षरं आणि अनुस्वार.

त्या कार्यालयाला मी ईमेल पाठवलीय. पुस्तिकेतलं एक पान युनिकोडमध्ये बदलून सोबत जोडलंय, म्हणजे फरक काय ते दिसेल. उत्तर आलं तर इथेच टाकीन.

आणि तुमच्या घरात कुणाच्या जुन्या फाइल असतील, आजोबांच्या आठवणी असोत, मंडळाची स्मरणिका असो, आईच्या पाककृती असोत, तर मला पाठवा. फाइलबरोबर त्या फॉन्टची टीटीएफ, म्हणजे फॉन्टची स्वतःची फाइल, पाठवा, आणि त्यातल्या एखाद्या पानाची छापील प्रत असेल तर तिचा फोटो. छापील पान असलं की कुठल्या कळेला कुठलं अक्षर ते जुळवता येतं, नसलं की अंधारात चाचपडावं लागतं. संध्याकाळी मी हेच करत असतो, पैसे नकोत. आत्याच्या शेवटच्या दोन सीडींवर अजून अडलोय, त्या दुसऱ्याच कुठल्यातरी फॉन्टमध्ये आहेत आणि त्याचं नाव फाइलमध्ये अर्धवटच दिसतंय. २००० च्या आसपास सातारा, वाई, कराडकडे डीटीपीचं काम केलेलं कुणी ओळखीत असेल, ज्यांच्याकडे तेव्हाच्या फॉन्टच्या सीडी अजून पडून असतील, तर त्यांना या पोस्टवर टॅग करा.