‘चार पोर्ट, तर चारच डिस्क’: एका फॉरवर्डला उत्तर

लग्नसराई तोंडावर आली की सांगलीतल्या फोटोवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला. त्यातले एक माझे मामा. त्यांचा फोटोशी काही संबंध नाही, पण जुन्या नाट्यसंगीताच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचा नाद आहे आणि मशीनमधली जागा संपत आली आहे. मेसेज थोडक्यात असा:

“जुन्या पीसीला जादा हार्ड डिस्क लावायच्या भानगडीत पडू नका. १) बोर्डावर जेवढे साटा पोर्ट, तेवढ्याच डिस्क. २) कार्ड लावलं तर स्पीड निम्मा होतो. ३) बायोसमध्ये एएचसीआय केल्याशिवाय कार्ड चालत नाही. ४) दोन टीबीच्या वरची डिस्क जुनं मशीन घेत नाही. ५) एसएमपीएस जळतो. ६) त्यापेक्षा यूएसबी बॉक्स घ्या, नाहीतर सरळ नवीन मशीन. सर्वांना पाठवा.”

खाली मामांची पुरवणी: “बघ रे, खरं आहे का? तू तर मला कार्ड घ्या म्हणत होतास.”

मी विश्रामबागेत कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि कार्डं विकतोही. तेव्हा मामांचा संशय रास्त आहे. म्हणून आकड्यांतच बोलतो, ते कुणालाही ताडून बघता येतात.

आधी पोर्टांचं. साटा पोर्ट म्हणजे डिस्कची डेटा केबल खोचायची मदरबोर्डावरची जागा. आपल्याकडे अजून ढिगाने चालू असलेला बोर्ड म्हणजे इंटेलच्या एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरचे पोर्ट सांभाळणारी मुख्य चिप), २०११ सालचा. त्या चिपसेटमध्ये साटाचे पोर्ट चारच, हे खरं. पण मामांचं झाकण उघडून बघितलं तर एका पोर्टवर एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क), दोनवर हार्ड डिस्क आणि चौथ्यावर डीव्हीडी रायटर. रायटरचा ट्रे गेली काही वर्षं बाहेरच येत नाही. त्याची केबल उपटली की एक पोर्ट फुकटात मोकळा. हे सांगायला कुणी फॉरवर्ड करत नाही.

तेवढ्याने भागलं नाही तर कार्ड, म्हणजे बोर्डाच्या स्लॉटमध्ये खोचून जादा साटा पोर्ट देणारी पट्टी. बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसचे स्लॉट असतात: एक लांबडा, ग्राफिक्स कार्डाचा, आणि एक-दोन इंचभर लांबीचे. ज्यांचा मॉनिटर बोर्डाच्याच सॉकेटवर आहे त्यांचा लांबडा स्लॉट विकत घेतल्यापासून रिकामाच असतो. छोटं कार्ड लांबड्या स्लॉटमध्ये बसतं आणि बहुतेक बोर्डांवर चालतंही, ही गोष्ट पुष्कळांना पटतच नाही. कार्ड घेताना खोक्यावर पोर्ट किती लिहिलेत ते बघू नका, चिपचा नंबर बघा. एएसएम१०६१ असेल तर दोन पोर्ट, एएसएम१०६४ असेल तर चार, जेएमबी५८५ असेल तर पाच. शेवटच्याला मात्र लांबडा स्लॉटच लागतो. आठ-दहा पोर्टांची स्वस्त कार्डं बरेचदा एका लहान चिपपुढे पोर्ट मल्टिप्लायर, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणारी चिप, जोडून फुगवलेली असतात. त्या वाटेला जाऊ नका.

याच मुद्द्याला चिकटून एक जुगाड फिरतो: एका साटा केबलला फाटा काढून दोन डिस्क लावायच्या. पूर्वीच्या आयडीईच्या चपट्या पट्टीवर मास्टर-स्लेव्ह करून दोन डिस्क बसायच्या, त्याची ही आठवण असावी. साटाची डेटा केबल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते, मध्ये फाटा नाही. पॉवरच्या वायरला फाटा असतो, डेटाला नाही. मल्टिप्लायर ही चीज आहे, पण ती म्हणजे स्वतंत्र चिप, आणि इंटेलच्या बोर्डावरचे पोर्ट तिला सहसा ओळखतच नाहीत. लावलीच तर पाचांतली एक डिस्क दिसते.

आता स्पीड निम्मा होण्याचं. ही अफवा अगदीच बिनबुडाची नाही, नुसती शिळी आहे. पांढऱ्या लांब स्लॉटांची जुनी पीसीआय कार्डं असायची, त्या साऱ्या स्लॉटांना मिळून सेकंदाला १३३ एमबी एवढीच वाट. त्यावर दोन डिस्क एकदम राबल्या की दोन्ही रडायच्या. पीसीआय एक्सप्रेसचं गणित वेगळं. पहिल्या पिढीची एक लेन, म्हणजे छोट्या स्लॉटाएवढी एक वाट, सेकंदाला २५० एमबी, दुसरीची ५००, तिसरीची ९८५च्या आसपास. एच६१चे छोटे स्लॉट दुसऱ्या पिढीचे. कागदावरच्या ५०० मधले ४०० जरी हाती आले, तरी फिरती हार्ड डिस्क घ्या: ७२०० आरपीएमची चांगली डिस्क बाहेरच्या कडेला दीडशे ते अडीचशे एमबी देते आणि आत आत सरकेल तशी निम्म्यावर येते. म्हणजे कार्डावरच्या दोन डिस्क एकदम पळवल्या तरी वाट सहसा अडत नाही, चार एकदम पळवल्या तर अडते. लग्नाचं फुटेज एका डिस्कवर टाकून दुसरीवर कॉपी काढणाऱ्याला चार डिस्क एकदम पळवायची वेळ कितीदा येते?

खरोखर जुना बोर्ड, जी४१ वगैरे, असेल तर मात्र सांगतो. त्यात पहिल्या पिढीचा स्लॉट असतो. एक डिस्क आरामात, दोन एकदम केल्या की वाटणी होते. आणि बोर्ड कोणताही असो, एसएसडी कार्डावर नेऊ नका. ती बोर्डाच्या पोर्टवरच राहू द्या, विंडोजसकट. कार्डावरून विंडोज सुरू करणं काही कार्डांना जमतं, काहींना नाही, आणि ती परीक्षा घ्यायचं कारणच काय? कार्डावर नुसता साठा ठेवायचा.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र माझा आवाज चढतो. चुकीची माहिती एक गोष्ट, चालू मशीन बंद पाडणारा सल्ला दुसरी. बायोस म्हणजे मशीन सुरू होताना विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम. त्यातला आयडीई (डिस्कशी बोलायची जुनी पद्धत) की एएचसीआय (नवी) हा पर्याय बोर्डाच्या स्वतःच्या पोर्टांचा. कार्डावर स्वतःची चिप आहे, ती त्या पर्यायाला विचारत नाही. विंडोज आयडीईवर टाकलेलं असेल आणि तुम्ही नंतर बायोसमध्ये एएचसीआय केलं, तर विंडोज ७ वर पुढच्या वेळी निळा पडदा आणि त्यावरच्या एरर कोडच्या शेवटी 7बी. विंडोजला आपलीच डिस्क सापडत नाही. मागच्या तुळशीच्या लग्नानंतर मिरजेहून एक पोरगा मशीन बगलेत मारून आला. रात्री अडीच वाजता हा मेसेज वाचून त्याने बायोस बदललं होतं आणि सकाळी दहाला अल्बम प्रेसला द्यायचा होता. “दादा, डेटा गेला का?” मी काही न बोलता बायोसमध्ये शिरलो, पर्याय परत आयडीई केला, मशीन सुरू झालं. त्याचा चहा निवायच्या आत. मिरजेहून पहाटे गाडीवर आला होता बिचारा.

बरं, आयडीईवरून एएचसीआयवर जायचंच असेल तर जाता येतं. विंडोज १० मध्ये आधी सेफ मोड लावून रिस्टार्ट करायचं, त्याच फेरीत बायोस बदलायचं, सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्यायचं, मग सेफ मोड काढायचा. त्याचा कार्डाशी संबंध नाही.

दोन टीबीची भिंत. तिचं मूळ मशीनच्या वयात नाही, डिस्कवरच्या पार्टिशनच्या वहीत आहे. जुन्या एमबीआर पद्धतीत सेक्टरचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा) नंबर ३२ बिटांत लिहितात. ५१२ बाइटचा एक सेक्टर धरला तर २ चा ३२वा घात गुणिले ५१२ म्हणजे सुमारे २.२ टीबी, पुढचं पानच नाही. नव्या जीपीटी पद्धतीत ही अडचण नाही, आणि विंडोज व्हिस्टापासून साठ्याची डिस्क जीपीटी करायला जुनं बायोसही चालतं. नवं यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) लागतं ते विंडोज त्याच डिस्कवरून सुरू करायचं असेल तर. ३२ बिटी एक्सपीवाले तेवढे यातून बाहेर.

एक खूण ध्यानात ठेवा. ३ टीबीची डिस्क लावली आणि मशीन ७४६ जीबी दाखवतंय, तर डिस्क नकली आहे म्हणून दुकानदाराच्या अंगावर जाऊ नका. इंटेलचा जुना स्टोरेज ड्रायव्हर दोन टीबीपुढचं मोजायला विसरतो, उरलेलं शिल्लक तेवढं दाखवतो. ड्रायव्हर बदलेपर्यंत त्या डिस्कवर एकही फाइल टाकायची नाही.

आता एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला डबा. इथे मेसेज अर्धा खरा आहे, आणि खरा अर्धा त्याने लिहिलाच नाही. ३.५ इंची डिस्क उठताना १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते, म्हणजे २४ वॅट. काही सेकंदांनी ती पाच-आठ वॅटवर येते. चार डिस्क एकदम उठल्या तर ९६ वॅट. माझ्या टेबलावर आत्ता एक उघडा एसएमपीएस पडलाय, वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट. कडेच्या लेबलवर १२ व्होल्टपुढे १४ अँपिअर. गुणाकार करा: १६८. बाकीचे वॅट कुठे गेले ते लेबल छापणाऱ्याला ठाऊक. त्यातून ६५ वॅटचा आय३ पूर्ण दमाने चालला धरला तर उरले १०३. चार डिस्क उठतील, पण जेमतेम. म्हणजे मोठ्या अक्षरांवर भरवसा नको, छोट्या तक्त्यातली १२ व्होल्टची ओळ वाचायची. ग्राफिक्स कार्ड असेल तर हिशोब आणखी ताणतो आणि तेव्हा चांगला एसएमपीएस घ्यायलाच हवा.

पण माझ्याकडे जळून आलेल्या केसेसमध्ये एसएमपीएस क्वचितच जळालेला असतो. जळतो तो मोलेक्सचं, म्हणजे एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या कनेक्टरचं, साटा करणारा वीतभर वायरीचा तुकडा. पन्नास रुपयांचा. त्याचे दोन प्रकार असतात. एकात काळं प्लॅस्टिक वायरीभोवती ओतून गोळा केलेला असतो, मागून काहीच दिसत नाही. आत पिवळी, तांबडी आणि काळ्या वायरींचे केस एकमेकांपासून किती लांब आहेत, देव जाणे. तापत तापत एक दिवस १२ व्होल्ट शेजाऱ्याला भेटतो. हरिपूर रोडच्या एका स्टुडिओतून आलेली डिस्क मी जपून ठेवली आहे: कनेक्टरच्या टोकाला, जिथे १२ व्होल्टच्या तीन पिना असतात तिथे, प्लॅस्टिक गुळाच्या पाकासारखं ओघळून थिजलंय आणि त्यात पिना रुतून बसल्यात. झाकण उघडल्यावर जो वास आला तो अजून नाकात आहे. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक वायर मागून एकेका खाचेत दाबून बसवलेली असते, वर टोपी. मागून बघितलं की वेगवेगळ्या वायरी मोजता येतात. तोच घ्यायचा. एसएमपीएसच्याच मूळ साटा वायरी शिल्लक असतील तर त्याहून उत्तम. आणि एकाच तुकड्यातून चार डिस्कांना फाटे फोडायचे नाहीत.

याच्या उलट एक गंमत. कधी कधी नवीकोरी मोठी डिस्क एसएमपीएसच्या मूळ साटा वायरीवर फिरतच नाही आणि मोलेक्सच्या तुकड्यावर लगेच फिरते. काही नव्या डिस्कांत तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आला की झोपायचं, अशी सोय असते. जुने एसएमपीएस तिथे ३.३ व्होल्ट देतात, मोलेक्समध्ये ती वायरच नाही. गिऱ्हाईक डिस्क मेली म्हणून परत घेऊन येतं.

राहिला यूएसबी बॉक्स. फिरवून न्यायला उत्तम, माझ्याही बॅगेत एक असतो. महापुराचं पाणी चढायला लागलं की डबा उचलून वर जाता येतं, हे २०१९ ला इथे बघितलंय. पण एच६१ चिपसेटमध्ये यूएसबी ३ नाही, कंपनीने वेगळी चिप बसवली असेल तरच. यूएसबी २ वर प्रत्यक्षात सेकंदाला पस्तीसेक एमबी. एक टीबी फुटेज हलवायला आठ तास. तेच आतल्या साटावर दीडशेने धरलं तर दोन तासांच्या आत. शिवाय काही बॉक्स सेक्टरचा आकार बदलून दाखवतात. त्यात भरलेली डिस्क नंतर मशीनच्या आत लावली की विंडोज म्हणतं, फॉरमॅट करू का? तिथे ‘हो’ दाबलेले लोक मला माहीत आहेत. नको. डिस्क परत त्याच बॉक्समध्ये घाला, सगळं जागेवर असतं.

आणि सरळ नवीन मशीन. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्या कारणाने नवीन घेणार असाल तर समजू शकतो. पण पोर्टांसाठी? आजचा स्वस्तातला एच६१० चिपसेट घ्या, त्यातही साटाचे पोर्ट चारच. काही बोर्डांवर एम.टू स्लॉटमध्ये (पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डावर बसवायची खाच) साटा जातीची एसएसडी बसवली की त्यांतला एक पोर्ट गप्प बसतो, मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. गणपती पेठेतल्या एका फोटोवाल्याने गेल्या वर्षी हा मेसेज वाचून जुनं मशीन माळ्यावर टाकलं आणि नवीन घेतलं. महिन्याभरात पाचवी डिस्क हातात घेऊन आला. मी त्यालाच माळ्यावर चढवलं, जुन्या मशीनमधलं कार्ड काढून आणायला लावलं, ब्रशने धूळ झाडली आणि नव्यात बसवलं.