गादा, सील आणि ५० किलो सुरमई

जून-जुलैत होड्या झापांनी शाकारून किनाऱ्यावर ठेवल्या की आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला भरती येते. यंदा एकच मेसेज चार वेगवेगळ्या ग्रुपांवरून माझ्याकडे आला. मजकूर थोडक्यात असा: ‘कॅनडातला कॉड मासा सीलनेच संपवला, सीलची पोटं फाडून हे सिद्ध झालंय. समुद्रातला प्राणी काय खातो ते पोट फाडल्याशिवाय कळतच नाही, बाकी सगळं शास्त्रज्ञांचं थोतांड. आपल्याकडे एक गादा दिवसाला ५० किलो सुरमई-पापलेट फस्त करतो. गादे कमी करा, मासळी वाढेल.’ सोबत फोटो, त्याखाली लिहिलेलं: ‘देवगडचा गादा’.

आधी फोटो, कारण तो पटकन संपतो. त्यातल्या प्राण्याला मिशा आहेत, अंगावर केस आहेत आणि तो खडकावर मजेत पहुडला आहे. गादा म्हणजे डॉल्फिन. तो खडकावर दिसला तर शेवटच्या घटका मोजत असतो. फोटोतला प्राणी सील आहे आणि सील आपल्या किनाऱ्याला राहत नाहीत. पुढे चला.

‘पोट फाडल्याशिवाय कळत नाही’

हे वाक्य मला सगळ्यात जास्त झोंबलं. कर्ली खाडीच्या काठावर पाणमांजरांची विष्ठा गोळा करायच्या कामात मी दोन मोसम मदतनीस होतो. घरी त्यावरून जे काही ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. पण तीच पद्धत सीलच्या अभ्यासातही रुळलेली आहे.

सील मासे मारायला समुद्रात जातो, पण विश्रांतीला आणि विणीला खडकावर किंवा वाळूच्या दांड्यावर येतो. घाणही तिथेच करतो. ती पिशव्यांत भरून आणायची, गोठवून ठेवायची, मग साबणाच्या पाण्यात भिजवून एकाखाली एक लावलेल्या चाळण्यांतून धुवायची. सगळ्यात खालच्या चाळणीचं भोक पाव मिलिमीटरचं असतं. मांस-कातडं कधीच जिरलेलं असतं. वर उरतात काटे, मणके, माशांच्या डोळ्यांची भिंगं, माकुलाच्या (स्क्विडच्या) चोची आणि ओटोलिथ. ओटोलिथ म्हणजे माशाच्या कानातला खडा. ढोम्याचं डोकं चोखून खाणाऱ्या प्रत्येकाच्या दाताखाली तो कधी ना कधी आलेला आहे. प्रत्येक जातीत त्याचा घाट वेगळा, आणि मासा वाढतो तसा खडाही वाढतो. म्हणजे चाळणीतल्या खड्यावरून मासा कोणता हे कळतं, आणि तो वीतभर होता की हातभर हेही काढता येतं. ब्रिटनमधल्या सील-संशोधकांच्या गटाने (आता तो स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात आहे) १९८५, २००२ आणि २०१०-११ असं तीन वेळा ग्रे सील या जातीचं खाणं याच रीतीने तपासलं. बऱ्याच ठिकाणी यादीत वर निघाला तो सँडईल, वाळूत दडून राहणारा बोटभर मासा.

मग विष्ठा कधी खोटं बोलत नाही का? बोलते की! हेरिंगसारख्या माशाचा नाजूक खडा पोटातल्या आम्लात झिजतो, कधी पुरता विरघळून जातो. कॉडचा जाड खडा टिकतो. नुसती मोजणी केली तर कॉड जास्त आणि हेरिंग कमी दिसणार. त्यावर तोड म्हणून पाळलेल्या सीलला मोजून मासे खायला घालतात, दुसऱ्या टोकाला किती खडे निघाले ते मोजतात आणि प्रत्येक जातीसाठी दुरुस्तीचा आकडा ठरवतात. मोठा सामन मासा खाताना सील कधी कधी डोकं टाकून देतो. मग खडा विष्ठेत येणार कुठून? कधी उलटं होतं: सीलने कॉड खाल्ला, कॉडच्या पोटात सँडईल होता, तर सीलच्या नावावर दोन्ही चढतात. शार्क-पाकटांना असले खडेच नसतात. शिवाय काठावर पडलेल्या घाणीत शेवटच्या एक-दोन दिवसांचंच जेवण सापडतं. लांब समुद्रात खाल्लेलं तिकडेच गेलेलं असतं.

म्हणून कुणी एकाच साक्षीदारावर खटला चालवत नाही. त्याच विष्ठेतून माशांचा डीएनए काढतात; त्यात डोकं टाकून खाल्लेला सामनही पकडला जातो. मिशीच्या एका केसात नायट्रोजन आणि कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) कित्येक महिन्यांच्या आहाराचा माग लागतो. चरबीचा छोटासा तुकडा घेतला तर तिच्यातल्या मेदाम्लांची, म्हणजे चरबीच्या घटकांची, ठेवण खाल्लेल्या माशांशी ताडून बघता येते. ही हिशेबाची रीत कॅनडातल्या संशोधकांनी २००४ साली मांडली. हवाईच्या मंक सीलच्या पाठीवर कॅमेरे बसवले तेव्हा कळलं की उथळ प्रवाळात चरतो असं समजलेला हा प्राणी पुष्कळदा खोल उतारावर जाऊन दगड उलथून भक्ष्य शोधतो.

आता फाडलेल्या पोटाची साक्ष घ्या. जाळ्याजवळ गोळी घातलेल्या सीलच्या पोटात जाळ्यातलाच मासा निघणार. माकुलाची चोच पोटात बराच काळ अडकून राहते, मऊ मासा काही तासांत नाहीसा होतो. वाहून आलेलं जनावर बरेचदा आजारी, चार दिवस उपाशी. पोटाचाही उपयोग आहे, पण तोही दुरुस्तीसकटच.

‘कॅनडातला कॉड सीलनेच संपवला’

न्यूफाउंडलंडची कॉडची मासेमारी २ जुलै १९९२ रोजी सरकारने बंद केली. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. त्याआधी कित्येक दशकं मोठ्या ट्रॉलरांनी तो साठा अक्षरशः खरवडला होता, आणि ऱ्हासाचं मुख्य कारण अतिमासेमारी हेच मानलं जातं. मात्र एक गोष्ट मेसेजवाल्याच्या बाजूने सांगायला हवी: सेंट लॉरेन्स आखाताच्या दक्षिण भागात कॉड परत वर येत नाही, त्यामागे ग्रे सीलचा मोठा हात आहे असं तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांचंच म्हणणं आहे. पण साठा बुडवणं वेगळं आणि बुडालेल्याला डोकं वर काढू न देणं वेगळं.

‘दिवसाला ५० किलो सुरमई-पापलेट’

आपल्याकडचा गादा म्हणजे बहुतेक वेळा हंपबॅक डॉल्फिन. पूर्ण वाढलेला मोठा प्राणी साधारण २५० किलोचा धरा. पाळलेले डॉल्फिन रोज वजनाच्या ४ ते ६ टक्के खातात. हिशेब १० ते १५ किलोंवर येतो. ५० किलो म्हणजे वजनाचा पाचवा हिस्सा; ६० किलोच्या माणसाने रोज १२ किलो भात जेवण्यासारखं.

मुळात ‘इतके किलो’ या आकड्याला मासा कोणता हे सांगितल्याशिवाय अर्थच नाही. ग्रे सीलला दिवसाला कॉड लागतो सुमारे ७ किलो, पण तेलकट सँडईल असेल तर ४ किलोत भागतं. आपल्याकडे तारली आणि ओला बोंबील घ्या. बोंबलात बहुतेक पाणीच. तारलीइतकी ताकद बोंबलातून मिळवायची तर टोपली किती मोठी लागेल ते कुठल्याही कोळणीला विचारा.

आणि सुरमई-पापलेटच का? कारण त्यांचा भाव चढा, म्हणजे राग लवकर येतो. हा डॉल्फिन किनाऱ्यालगत, खाड्यांच्या मुखाशी फिरतो. तिथे मिळतात बोय, ढोमे, तारली, बांगडे. गाद्याची विष्ठा पाण्यातच विरते, म्हणून त्याच्या बाबतीत वाहून आलेल्या मृत डॉल्फिनची पोटं आणि कातडीचे बारीक नमुने यांवरच भिस्त ठेवावी लागते. तेव्हा ५० किलोचा आकडा कुणी, कुठे, कशावरून काढला, हे मेसेज पाठवणाऱ्याने सांगावं.

‘गादे कमी करा, मासळी वाढेल’

दक्षिण आफ्रिकेत फर सील हेक मासा खातात म्हणून ते मारावेत अशी मागणी होती. पंट आणि बटरवर्थ या शास्त्रज्ञांनी १९९५ साली हिशेब मांडला. तिथे हेकच्या दोन जाती. उथळ पाण्यातला मोठा हेक खोल पाण्यातल्या जातीची पिल्लं खातो, आणि सील उथळ पाण्यातला हेक खातो. सील मारले तर उथळातला हेक वाढून दुसऱ्याची पिल्लं फस्त करणार. मच्छीमारांच्या पदरात काही पडेल याची खात्री नव्हती.

इथे तर गाद्याला मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, तो भाग निराळाच. मासळीचं म्हणाल तर २०१६ साली पर्ससीनवर (मासळीचा अख्खा थवा वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर) निर्बंध आले, २०१७ साली मासळी खेचणाऱ्या एलईडी दिव्यांवर बंदी आली. ती माणसांच्या मासेमारीमुळे आली, गाद्यांमुळे नव्हे.

आमच्या शेजारचे तात्या हे वाचून म्हणाले, “गादो जाळ्यातलो बांगडो ओढून खाता, ता मी डोळ्यांनी बघलंय. जाळा फाटता ता कोण भरून देतलो?” खरं आहे. जाळी फाटतात, आणि ते नुकसान कुठल्याही ओटोलिथने भरून निघत नाही. संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं तर राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. प्राण्यानेच फाडलं तर त्या योजनेत बसत नाही. तात्यांचं हे गाऱ्हाणं मी खोडत नाही. पण जाळ्यातून ओढलेला बांगडा हे जेवणातलं एक ताट झालं, रोजचा आहार नव्हे.

मी त्यांना सांगितलं की चाळणीतले खडे ओळखायला आधी आपल्या माशांच्या खड्यांचा संग्रह लागतो: मासा मोजायचा, मग खडा काढायचा. चार दिवसांनी त्यांनी औषधाच्या रिकाम्या बाटलीत ढोम्याचे खडे आणून दिले, चांगले वीस-पंचवीस. “प्रत्येक मासा केवढा होता?” मी विचारलं.

“ता कसा सांगू? खाल्लंव ना.”

“तात्या, पुढच्या खेपेला लांबी मोजून, कागदावर लिहून द्या.”

“मगे टेप धाड,” तात्या म्हणाले.