दोन वर्षं परक्यांच्या दारात

इथे अमेरिकेतल्या युटा राज्यात अठरा वर्षांच्या मुलाला 'पुढे काय?' असं विचारलं, की कॉलेजचं नाव नंतर येतं. आधी येतं ते एखाद्या ठिकाणाचं नाव: मनिला, अक्रा, साओ पावलो, कधी नुसतंच अमेरिकेतलं ओहायो. आम्ही सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला लीहाय गावात राहतो आणि आमच्या गल्लीतली बहुतेक घरं मॉर्मन आहेत. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने स्थापन केलेला हा पंथ. त्याचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. या घरांमधली मुलं दोन वर्षांसाठी आणि मुली दीड वर्षासाठी मिशनवर, म्हणजे धर्मप्रसारासाठी आणि सेवेसाठी परक्या ठिकाणी, जातात. कुठे जायचं हे मूल ठरवत नाही, चर्च ठरवतं. पगार नसतो. उलट २०२० पासून अमेरिकेतल्या घरांना दरमहा सुमारे पाचशे डॉलर भरावे लागतात. ज्यांना ते झेपत नाही, त्यांना नातेवाईक आणि आजूबाजूची मंडळी हातभार लावतात.

मी वारकरी घरातला. कुणाच्या दारात जाऊन 'तुमचा देव पुरेसा नाही' असं सांगणं मला पटत नाही आणि पटणारही नाही. तरी इतकी वर्षं ही मुलं जाताना आणि परत येताना पाहून माझं एक ठाम मत झालं आहे. विसाव्या वर्षाच्या आत दोन वर्षं परक्या माणसांसाठी द्यायला मिळणं ही भाग्याची गोष्ट आहे, आणि आपण आपल्या मुलांना ती मिळू देत नाही.

आमच्या शेजारचा मुलगा गेल्या वर्षी फिजीहून परत आला. त्याला तिथल्या भारतीय वंशाच्या वस्तीत नेमलं होतं, त्यामुळे तो फिजी हिंदी शिकला. १८७९ पासून ऊसमळ्यांत करारावर नेलेल्या आपल्या गिरमिटिया मजुरांची ती भाषा. अवधी आणि भोजपुरीचा तिच्यावर गडद रंग आहे. माझी आई तेव्हा आमच्याकडे आली होती. पोरगं अंगणात आलं, चपला बाहेर काढल्या आणि सरळ 'आजी' म्हणून हाक मारली. फिजीतही वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. आईचं हिंदी मुंबईच्या बाजारातलं, त्याचं लौटोकाच्या ऊसपट्ट्यातलं, पण दोघं तासभर बोलत बसली. तिने त्याला पोहे दिले. त्याने मिरच्या बाजूला काढल्या नाहीत, हे तिने नंतर मला दोनदा सांगितलं.

त्याच्याकडून दिनक्रम ऐकला. सकाळी साडेसहाला उठायचं, अभ्यास, मग दिवसभर पायपीट. सोबत कायम दुसरा मिशनरी, तोही आपण न निवडलेला. एकट्याने कुठे जायचं नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जोडीदार बदलतो, कधी गावही. सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही. आठवड्यातला एक दिवस कपडे धुवायला, सामान आणायला आणि घरी फोन करायला. हा साप्ताहिक फोन तरी २०१९ पासून आला. त्याआधी वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मातृदिनाला, घरच्यांचा आवाज ऐकायला मिळायचा.

दोन वर्षांत किती लोक चर्चमध्ये आणले, हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. त्याने सांगितली ती एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची गोष्ट. पहिल्याच भेटीत त्या आजोबांनी स्पष्ट सांगितलं, 'आम्ही रामायण वाचतो, आम्ही बदलणार नाही. पण ऊस तोडायला माणूस मिळत नाहीये.' दोघं मुलं कोयते घेऊन उसात शिरली. हातांना फोड आले, पाचटाने मान कापली. संध्याकाळी आजीबाईंनी रोटी आणि डाळ वाढली, आणि पुढच्या मंगळवारी त्यांच्या रामायण मंडळीत मुलांना मागे बसायला जागा मिळाली. ते घर शेवटपर्यंत हिंदूच राहिलं. मुलगा निघाला तेव्हा म्हातारबा बसथांब्यावर सोडायला आले होते. हे सांगताना त्याचा आवाज जड झाला. 'लोकांचं ऐकून घ्यायला मी त्या घरात शिकलो,' तो म्हणाला. 'आधी मी फक्त माझी बोलायची पाळी कधी येते ते बघायचो.'

एकोणिसाव्या वर्षी हे उमगणं मला फार मोलाचं वाटतं. दिवसभर नकार पचवायचा, न पटणाऱ्या माणसाबरोबर एका खोलीत राहायचं, पैसे पुरवून वापरायचे, आजारी म्हातारीचं पाणी भरायचं आणि हे सगळं परक्या भाषेत करायचं. प्रोव्हो शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात पन्नासहून अधिक भाषा शिकवतात, पण मुलं खरी शिकतात ती गल्लीबोळात. तैवानमध्ये मिशन केलेला जॉन हंट्समन पुढे चीनमध्ये अमेरिकेचा राजदूत झाला. हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्टेन्सन सत्तरच्या दशकात कोरियात मिशनवर होते. ही मोठी नावं सोडा. आमच्या ऑफिसात मिशन करून आलेली मुलं आहेत, आणि चिडलेल्या ग्राहकाचा फोन घ्यायची वेळ आली की सगळे त्यांच्याकडेच बघतात.

आता घरचा विषय. माझ्या भाच्याने बारावीनंतर एक वर्ष मेळघाटातल्या एका संस्थेच्या शाळेत काम करायचं ठरवलं आहे. घरच्या ग्रुपवर आठवडाभर तेच चाललं होतं. ताई म्हणाली, 'वर्ष वाया जाईल.' काका म्हणाले, 'समाजसेवा निवृत्तीनंतर करता येते.' याच ग्रुपवर दुसऱ्या भाच्याने नीटसाठी दोन वेळा ड्रॉप घेतला, तेव्हा कुणीही वर्ष वाया गेल्याचं बोललं नव्हतं. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये पाच-पाच, सहा-सहा वर्षं काढणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे. पण परीक्षेसाठी गेलेला काळ ही गुंतवणूक आणि माणसांसाठी दिलेला काळ हे नुकसान, हा हिशेब मला मान्य नाही.

ताईची काळजी खोटी नाही, हेही लिहायला हवं. इथल्या मुलाला परतीचा रस्ता बांधून दिलेला असतो. चर्चचंच ब्रिगहॅम यंग विद्यापीठ मिशनवर जाणाऱ्याची जागा राखून ठेवतं. नोकरी देणारा ती दोन वर्षं बघून नाक मुरडत नाही, कारण त्याने स्वतः किंवा त्याच्या भावाने तेच केलेलं असतं. आपल्याकडे सीईटीचा निकाल त्या वर्षापुरताच. डोक्यावर पीककर्ज असलेल्या घरातल्या थोरल्या मुलाला 'जा, वर्षभर सेवा कर' असं सांगायचा अधिकार कुणालाच नाही, मला तर इतक्या दूर बसून मुळीच नाही.

इथल्या व्यवस्थेतही दुखणारं बरंच आहे. मुलांसाठी मिशन हे कर्तव्य मानलं जातं आणि त्याचं दडपण लहानपणापासून असतं. आजारपणामुळे किंवा मन खचल्यामुळे कुणी सहा महिन्यांत परत आला, तर कुजबुज होते. अशा एका मुलाच्या आईला मी चर्चच्या मागच्या दाराने बाहेर पडताना पाहिलं आहे. आपण असं काही उभं केलं, तर अर्ध्यावर परतणाऱ्यालाही तितक्याच मायेने घरात घेतलं पाहिजे.

आणि धर्मांतर. सध्या भारतात घरी मिशनरी हा शब्द उच्चारला की चर्चा थेट धर्मांतरविरोधी कायद्यावर जाते. आपला हा अनुभव जुना आहे. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्येच मुंबईत पोचले होते. मॉर्मनही आले. ह्यू फिंडले नावाचा मिशनरी १८५२ साली मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात गेला. त्याच्याभोवती छोटीशी मंडळी जमली, पण १८५०चं दशक संपायच्या आत ते सारं आवरलं गेलं. फसवून किंवा आमिष दाखवून कुणाचा धर्म बदलू नये, याबद्दल माझं दुमत नाही. तसंच, कुणी समजून-उमजून श्रद्धा बदलली तर तो त्याचा हक्क आहे. पण या वादाच्या धुरळ्यात एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. मिशनमुळे सर्वांत जास्त बदलतो तो जाणारा मुलगा. हा बदल घडवायला धर्मप्रसाराची गरज नाही. उसाच्या फडात तो प्रसार न करताच घडला.

महाराष्ट्राला हे नवं नाही. बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) आहे. गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांचा 'निर्माण' हा तरुणांसाठीचा उपक्रम आहे. 'टीच फॉर इंडिया'ची शाळेत शिकवायची दोन वर्षांची फेलोशिप तर पुण्या-मुंबईतच सुरू झाली. मात्र छावणी काही दिवसांची असते, एनएसएसचं शिबिर सात दिवसांचं, आणि फेलोशिप पदवीनंतरची. बारावी झालेल्या, अजून कुठल्याच साच्यात न बसलेल्या मुलासाठी वर्षभराची वाट फारशी नाही. त्याहून मोठी उणीव म्हणजे त्याच्या पाठीशी गल्ली उभी नसते. इथे मिशनवरच्या मुलाला शेजारीपाजारी पत्रं पाठवतात आणि तो जिथे असतो तिथली चर्चची कुटुंबं त्याला पाळीपाळीने जेवायला बोलावतात. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. कितीतरी विद्वान त्या ताटांवर वाढले. ती रीत आपण एका पिढीत विसरलो, तेव्हा पुन्हा सुरू करणंही आपल्या हातात आहे.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. नोंदणीकृत संस्थेत वर्षभर काम करणाऱ्या मुलाचा सीईटीचा निकाल पुढच्या वर्षीही ग्राह्य धरावा, किंवा त्याची मिळालेली जागा राखून ठेवावी. प्रवेशप्रक्रिया आता सगळी ऑनलाइन आहे, त्यामुळे ही सोय करणं अवघड नाही. दुसरी गोष्ट, परदेशातल्या आपल्या महाराष्ट्र मंडळांनी अशा मुलांच्या जेवणाखाण्याचा आणि विम्याचा खर्च उचलावा. आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. तोवर भाच्याच्या वर्षभराच्या जेवणाचा खर्च माझ्याकडे, असं ताईला कळवलं आहे. तिचा होकार अजून आलेला नाही. संस्थेत मुक्कामाची आणि दवाखान्याची सोय कशी आहे, हे ती आधी स्वतः जाऊन बघणार आहे.