गोळीवर नाव नको का?

आज मेडिकलमध्ये आवाज चढला माझा, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. डॉक्टरांनी पित्ताची गोळी लिहून दिली, रोज एक, सात दिवस. पट्टी पंधराची. म्हटलं, सातच द्या. "कापून देत नाही, अख्खी घ्या." का घ्यायची? उरलेल्या आठ गोळ्यांचं काय करू? घरातल्या डब्यात टाकू आणि सहा महिन्यांनी कुणीतरी पोट दुखतंय म्हणून न विचारता खाऊ दे?

शेवटी पट्टी कापली. कशी, तर नाव आणि एक्सपायरी असलेलं टोक स्वतःकडे ठेवून! माझ्या हातात आला एक चंदेरी तुकडा, त्यावर नावाची शेवटची तीन अक्षरं. बिल मागितलं तर चिठोऱ्यावर नुसता आकडा. बिलावर औषधाचं नाव, बॅच नंबर, एक्सपायरी लिहून द्यायची असते हो, ती काय मेहेरबानी नाही.

मी एवढी का चिडते ते सांगते. बाबांना साखर, आईला बीपी. महिनाअखेरीला हातात पैसे कमी असले की दोघांच्याही गोळ्या पाच-पाच, दहा-दहा अशा आणल्या जायच्या. असेच दोन तुकडे एका डब्यात होते, दोन्ही सारखेच चंदेरी, दोन्हींवर धड नाव नाही. आईने सकाळी बीपीची समजून बाबांची साखर उतरवणारी गोळी, ग्लिमेपिराइड, घेतली. अकराच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. बाबांचं मशीन होतं म्हणून साखर तपासता आली. 48! साखरपाणी पाजून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "कोणती गोळी घेतली?" मी तो तुकडा पुढे केला. त्यांना तरी त्यावरून काय कळणार होतं? या गोळीचा परिणाम तासन्‌तास टिकतो, साखर पुन्हा पुन्हा उतरते, म्हणून रात्रभर ठेवून घ्यावं लागलं. सलाईन, खाट, तपासण्या, सगळा खर्च डोक्यावर. पाच गोळ्या सुट्या घेऊन जे चार पैसे वाचवले होते, त्याच्या कितीतरी पट गेले.

लोक सुट्या गोळ्या हौसेने घेत नाहीत. रोजंदारीवरच्या माणसाला पंधराची पट्टी एकदम परवडत नाही. मग कंपन्यांनो, नाव, ताकद आणि एक्सपायरी प्रत्येक गोळीच्या मागे छापा ना! पट्टी कुठूनही कापली तरी वाचता यायला हवं. 2018 पासून औषधाचं मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापायचा नियम आहे. 2023 पासून 300 ब्रँडवर क्यूआर कोड आला. चांगलंच आहे, पण कापलेल्या तुकड्यावर कोड येणार कुठून? आणि सत्तरीच्या माणसाने तो स्कॅन करायचा कसा? मराठीत एक ओळ छापायला काय होतं? फरसाणच्या पुडीवर छापता येते, मग औषधावर का नाही?

जनऔषधी केंद्रात तीच औषधं निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. आम्ही आता डॉक्टरांना विचारून बऱ्याच गोळ्या तिथूनच आणतो, म्हणून अख्खी पट्टी परवडते. (आईची थायरॉईडची गोळी मात्र आहे त्याच कंपनीची ठेवलीय, ती बदलायची तर डॉक्टरांना विचारून आणि पुन्हा रक्त तपासून.) पण आमच्याकडचं केंद्र लांब आहे, आणि कधी एखादी गोळी संपलेली असते. मग परत कोपऱ्यावरचं मेडिकल, परत ती कात्री.

आज मी तो तुकडा काउंटरवर परत ठेवला. म्हटलं, नावाचं टोक मला द्या, बिनानावाचं तुम्ही ठेवा. तर म्हणे, "मग उरलेली मी कुणाला विकू?"

म्हणजे बिनानावाची गोळी विकता येत नाही, हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं.